रिकाम्या माळाकडं दाखवलेलं बोट

माझ्या भाचीनं स्वतःच्या बापावर बारा मिनिटांची डॉक्युमेंटरी केली. कॉलेजात तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्या बारा मिनिटांत माझा भाऊ जेवढा खोटा दिसतो तेवढा तो उभ्या आयुष्यात कधी दिसला नव्हता. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला मला कुणाची भीती नाही. आणि त्या खोट्यात माझाही हात होता, तेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे धनगर. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न करून सोलापुरात आले आणि सोलापूरचीच झाले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मेंढरांमागं राहिला. त्याची मुलगी दहावीनंतर शिकायला माझ्याकडं आली ती अजून माझ्याकडंच आहे. पदवी झाल्यावर तिनं फिल्मचा कोर्स घेतला. शेवटच्या वर्षाला तिथं प्रत्येकाला एक छोटी डॉक्युमेंटरी करावी लागते. वर्गातल्या बाकीच्यांनी चादरीचे कारखाने घेतले, कुणी भुईकोट किल्ला घेतला. हिनं विषय लिहून दिला, 'माझे वडील'. मला इतकं कौतुक वाटलं की मी शेजारणीला बोलावून सांगितलं. ते कौतुक शूटिंगच्या पहिल्या सकाळी साडेआठपर्यंत टिकलं.

पण त्याआधी भाऊबिजेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं माझं चिडणं उगाच वाटेल.

त्या भाऊबिजेला मी माहेरी गेले. दादाला ओवाळलं, ताट पुढं धरलं. त्यानं खिशातून नोट काढून ताटात टाकली. म्हणजे त्याला वाटलं ताटात टाकली. ती पडली ताटाच्या डाव्या अंगाला, सतरंजीवर. मी हसले, मला वाटलं चेष्टा करतोय. त्याला चेष्टेची सवयच आहे. पण तो समोर बघत स्वस्थ बसला होता, ओवाळणी घालून झाली, आता लाडू आण, असा चेहरा करून. मी लाडू उचलला आणि त्याच्या डाव्या बाजूनं पुढं केला. त्याला पत्ताच नाही. तोच लाडू हळूहळू उजवीकडं आणला, तर मध्येच कुठंतरी तो त्याला दिसला आणि त्यानं लगेच हात पुढं केला. 

वहिनी स्वयंपाकघरात गेल्यावर मी त्याला घराबाहेर, मेंढरांच्या कुंपणाशी गाठलं.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"कुणाला?"

"दादा, मी सातवीच्या पोरांना शिकवते. मला गंडवू नको."

तो कुंपणाची दोरी चाचपायला लागला. "डाव्याचं म्हन की. वरीस झालं आसंल. आता उजव्याला बी कडंचं कमी झालंय. नाकासमूरचं दिसतंय, बास झालं की."

मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर सोलापूरला चल, दवाखान्यात दाखवू. तो म्हणाला, आत्ता नाही. तुझ्या वैनीला कळलं तर ती मेंढरं विकून मोकळी होईल. पोरीचं शेवटचं वर्ष आहे, तिचं ध्यान उडेल. उन्हाळ्यात बघू. आणि वर माझा हात धरून म्हणाला, "माज्या गळ्याची आन हाय तुला. कुनाला बोलायचं न्हाय."

भाऊबिजेच्या दिवशी, नुकतंच ज्याला ओवाळलं त्या भावानं गळ्याची आण घातली. मी काय करणार? आता वाटतं, काय करणार म्हणजे काय, मोडायची होती. मोतीबिंदू आणि काचबिंदू यातला फरक मला माहीत होता. मोतीबिंदू वाट बघतो, ऑपरेशन केलं की नजर परत मिळते. काचबिंदू वाट बघत नाही, आणि नेलेलं परत देत नाही. दादाला यातलं काय झालंय ते ना मला माहीत होतं, ना त्याला. दरवर्षी मी फळ्यावर डोळ्याची आकृती काढते, भिंगापासून नसेपर्यंत नावं लिहिते, आणि एका शपथेला घाबरून गप्प बसले. दर रविवारी फोन करून विचारायचे, कधी येतोस. तो म्हणायचा, व्हय व्हय, येतो की. रविवारामागून रविवार गेले.

मार्गशीर्षात भाचीनं शूटिंग काढलं. दादाची मेंढरं तेव्हा नातेपुत्याकडं होती. तिकडचे बागायतदार खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, आमच्यातले लोक दर वर्षी जातात. भाची, तिची कॅमेरा धरणारी मैत्रीण आणि मी, अशा तिघी गेलो. मी कशाला, तर दादाशी बोलायला मी लागते. पोरगी बापापुढं उभी राहिली की दोघंही मुके होतात, आणि मध्ये मला दुभाष्याचं काम करावं लागतं.

सकाळी रानात पोचलो तेव्हा जे दिसलं ते असं होतं. ऊस तुटून गेलेलं रान, त्यात पाचट, पाचटात मेंढरं. बांधाला ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, बांधापलीकडं उभा ऊस. दादा अंगात मी दिलेला स्वेटर, खाली ट्रॅकपँट, डोक्याला बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली टोपी आणि कानात फोनच्या वायरी घालून बसला होता. बाजूला मोटरसायकल उभी. ती चालवणारा दुसरा कोणी तिथं नव्हता, म्हणजे असल्या डोळ्यांनी हाच ती चालवत होता.

भाचीनं सगळीकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "हे असं नको."

"असं म्हणजे कसं? हे असंच आहे."

"आत्या, फ्रेममध्ये ऊस दिसतोय."

"ऊस आहे म्हणून दिसतोय."

"अगं, पण हे बघून कुणाला धनगर वाटणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो जन्मानं धनगर आहे, ज्याच्या पोटी ही जन्मली, तो धनगर वाटणार नाही. का, तर त्याच्या मागं ऊस आहे. मी तिला म्हटलं, मग एखादा नट आण की, तो वाटेल. ती शांतपणे म्हणाली, "आत्या, ही डॉक्युमेंटरी आहे. यात काही खोटं चालत नाही." हे वाक्य तिनं त्या दोन दिवसांत इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मी मोजणं सोडून दिलं.

मग काय, मेंढरं हाकून तासाभराच्या वाटेवरच्या उघड्या माळावर न्यायची ठरली. खाण्यापिण्याला काही नसलेल्या त्या माळावर दादा आपल्या मर्जीनं मेंढरं कधीच नेत नाही. पण पोरीच्या पिच्चरसाठी तो निघाला. ट्रॅकपँट गेली, धोतर आलं. टोपी गेली, मुंडासं आलं. ते त्यानं माझ्या लग्नानंतर बांधलेलं मला आठवत नाही. घोंगडं कुठाय, असं तिनं विचारलं. दादा म्हणाला, ते तर आत्याच्या घरी. खरंच होतं, वडिलांचं घोंगडं माझ्या कपाटात असतं, दादा स्वतः सोलापुरी चादर आणि वर एक मऊ ब्लँकेट घेऊन झोपतो. पण ही पोरगी माझं कपाट उघडून ते घोंगडं आधीच घेऊन आली होती. भर दुपारी खांद्यावर घोंगडं टाकून दादा उभा राहिला आणि दिवसभर त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत राहिला.

चहाचा सीन होता. "आप्पा, आम्ही इथं नाहीच असं समजा. नेहमी पिता तसा प्या." तीन दगड मांडून काटक्यांवर चहा केला, एरवी तो गॅसच्या छोट्या शेगडीवर होतो. पहिल्याच खेपेला दादानं चहा संपवला, कारण चहा गरम होता आणि त्याला तल्लफ होती. मग दुसरा टेक, तिसरा टेक. रिकामा कप तोंडाला लावून माझा भाऊ सात वेळा चहा प्यायला, आणि दर वेळी प्यायल्यावर त्यानं इमानदारीनं मिशी पुसली. मी एका दगडावर बसून हे बघत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं, हा इथं दिवस घालवतोय, आणि त्याचा डोळा तिकडं आत विझत चाललाय.

एका ठिकाणी मात्र तो हटला नाही. भाचीला लोकर कातरतानाचा शॉट हवा होता. दादानं सरळ सांगितलं, "थंडीत मेंढरू उगडं करू? तुजा पिच्चर हुईल, माजं मेंढरू मरंल." तिनं खूप गोड बोलून बघितलं. तो नुसता मान हलवत राहिला. जितराबाच्या जिवाची त्याला इतकी काळजी. स्वतःच्या डोळ्यांपुरता तेवढा तो दगड.

दुपारी भाकरी खाताना भाचीनं उद्याच्या मुख्य शॉटचं सांगितलं. ती लहान असताना दादा टेकाडावर उभा राहायचा आणि लांबवर चरणारं एकेक मेंढरू बोट दाखवून ओळखायचा. ही टिकली, ती कानतुटी, ती भुरी. पोरीला ते पक्कं आठवत होतं, आणि ते खरंही होतं. तिला तेच हवं होतं. दादा मान डोलवत म्हणाला, "करू की." मी हातातली भाकरी खाली ठेवली.

हात धुवायला म्हणून तो मला बाजूला घेऊन गेला. त्याचा बेत तयारच होता. मेंढराचं नाव तो घेणार. ते कुठल्या बाजूला आहे ते मी बघायचं. उजवीकडं असलं तर एकदा खोकायचं, डावीकडं असलं तर दोनदा. मेंढरांच्या खुणा त्यानं मला तिथल्या तिथं पाठ करून घेतल्या.

"मी असलं काही करणार नाही," मी म्हटलं.

"तू पोरास्नी कॉपी करू देत न्हाईस, म्हाईत हाय मला. एकदा दे. पोरीम्होरं पडाय नको वाटतंय गं."

त्याचं हे ऐकलं आणि मी गळपटले. राग असा आला की सांगता येत नाही. त्याचा आला, स्वतःचा आला, आणि जिला यातलं काहीच दिसत नव्हतं त्या माझ्या भाचीचाही आला. पण दुसऱ्या दिवशी टेकाडाखाली कॅमेऱ्यामागं उभी राहून मी खोकले. शाळेत पंचवीस वर्षं कॉप्या पकडलेली बाई.

चार मेंढरं झकास झाली. टिकली, एकदा खोकले, दादाचं बोट उजवीकडं. कानतुटी, दोनदा खोकले, बोट डावीकडं. भाचीचे डोळे चमकत होते. पाचव्याला तिनं हात वर केला. "कट. आत्या, प्रत्येक वेळी तुझा खोकला येतोय. साऊंडची वाट लागली."

"थंडी बाधलीय."

"मग तू त्या बाभळीखाली जाऊन बस ना जरा." वर माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. माझा काही इलाज चालेना. मी पार लांब बाभळीखाली जाऊन बसले. तिथून माझा खोकला दादापर्यंत पोचणार नव्हता.

तोपर्यंत मेंढरं चरत चरत सगळी उजव्या उताराला सरकली होती. डावीकडं नुसता माळ. दगड आणि एक बोरीचं झुडूप, बाकी काही नाही. भाचीनं विचारलं, "आप्पा, मोरी कुठाय?" मोरी म्हणजे त्याची लाडकी मेंढी, काळ्या तोंडाची. दादा जरा थांबला. त्यानं माझी वाट बघितली असणार. मग त्यानं हात उचलला आणि बोट दाखवलं, थेट डावीकडं, त्या मोकळ्या माळाकडं. "ती बग," तो म्हणाला. "गाबन हाय. दमानं चालतीया." इतक्या मायेनं म्हणाला की लांबून त्याचा नुसता सूर ऐकूनही मला भरून आलं. शब्द मी नंतर पडद्यावर ऐकले. मैत्रिणीनं कॅमेरा त्याच्या बोटाच्या दिशेनं हळूहळू फिरवला. तिकडं काहीच नव्हतं. मोरी उजव्या उतारालाच, त्याच्या पाठीशी पन्नास पावलांवर, पोट सांभाळत मजेत चरत होती.

मला वाटलं, संपलं. आता कळणार. माझा जीव अर्धा भीतीनं गेला आणि अर्धा सुटकेनं. भाची धावत माझ्याकडं आली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते.

"आत्या, बघितलंस? आप्पा गेलेल्या मेंढरांना बघत होते. मी सांगितलंही नव्हतं गं त्यांना. आपोआप आलं."

मी तोंड उघडलं. टेकाडावरून दादा आमच्या दिशेला तोंड करून उभा होता, त्याला आम्ही दिसत होतो की नाही देव जाणे. मी तोंड मिटलं. आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

संध्याकाळी परत रानात आल्यावर त्यानं रोजचं काम केलं. कोकरं दिवसभर जाळीत ठेवलेली असतात, ती एकेक काढून ज्याच्या त्याच्या आईला लावायची. तो उकिडवा बसतो, कोकरू उचलतो, त्याचा कान चाचपतो, नाक लावून वास घेतो, आणि ओरडणाऱ्या मेंढ्यांतून नेमक्या तिच्या आईखाली सोडतो. चुकीच्या मेंढीला लावलं तर ती ढुशी देऊन कोकरू उडवते. एकही उडालं नाही. डोळे मिटून करत होता सगळं. मी भाचीला म्हटलं, हे घे की. ती म्हणाली, "लाईट गेला आत्या," आणि कॅमेरा पिशवीत भरला.

चैत्रात कॉलेजच्या सभागृहात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. मी हट्टानं दादा-वहिनीला बोलावून घेतलं, ते एसटीनं आले. दादाला इस्त्रीचा सदरा घातला आणि आम्ही पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावर माळ आला, मुंडासं आलं, घोंगडं आलं, आणि भाचीचा आवाज आला की माझे वडील आभाळाशी बोलतात. दादा आभाळाशी कधी बोललेला नाही. तो बोलतो ते फोनवर, आणि ते इतक्या मोठ्यानं की आभाळाला ऐकू जात असेल तर त्याला तो काय करणार. मी शेजारी बघितलं. तो मान वाकडी करून, उजवा डोळा पडद्याकडं लावून बसला होता. ऐकत होता. मध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आवाज बेस आलाय न्हवं?"

मग ते बोट आलं. बोट, आणि रिकामा माळ, आणि रिकामा माळ, आणि अजून रिकामा माळ. कितीतरी वेळ. पाठीमागं कुणीतरी नाक ओढलं. वहिनी माझ्याकडं झुकून कुजबुजली, "वन्सं, मोरी तर कवाच व्याली की. दोन कोकरं हायती तिला. ह्ये तितं कुनाला दावत्यात?" मी म्हटलं, नंतर सांगते. भिंतीवर डोकं आपटावं असं झालं होतं.

परीक्षक पुण्याहून आलेले एक गृहस्थ होते. सगळ्या फिल्मबद्दल ते दोन-दोन वाक्यं बोलले आणि ह्या फिल्मवर पाव तास बोलले. तो रिकामा माळ म्हणजे आजच्या स्पर्धेतला सर्वात सच्चा क्षण, असं त्यांचं म्हणणं. तो दिग्दर्शकाला ठरवून घेता येत नाही, तो फक्त जगण्यातून येतो, असंही म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी दादालाच विचारलं, "काका, त्या वेळी तुमच्या मनात काय होतं?"

दादा उभा राहिला. "मोरी हुती," तो म्हणाला.

टाळ्या थांबेनात. दादा गोंधळून हात जोडत राहिला, आणि हात जोडत होता तेही मधल्या मोकळ्या वाटेकडं तोंड करून.

बाहेर कँटीनपाशी भाची पहिल्या बक्षिसाची ढाल घेऊन माझ्याकडं आली. दादा-वहिनी तिच्या मैत्रिणीबरोबर वडापाव खात होते. "आत्या, तू काहीच बोलली नाहीस. तुला नाही ना आवडली?"

मला बरंच काही छानपैकी सांगता आलं असतं. पण पाच महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. "नाही आवडली," मी म्हटलं. "तुझा बाप कुठल्याही गेलेल्या मेंढराला बघत नव्हता. त्याला मोरी दिसत नव्हती. त्याला डाव्या बाजूचं काही म्हणजे काही दिसत नाही, आणि उजव्याचंही चाललंय. तू दोन दिवस त्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरून बसलीस आणि तुला कळलं नाही. आणि त्यावर तुला ढाल मिळाली."

 रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. तिनं वळून बापाकडं पाहिलं. तो वडापाव उजव्या हातात धरून डाव्या हातानं टेबलावर मिरची शोधत होता. मिरची ताटलीत, त्याच्या बोटांपासून चार अंगुळं डावीकडं होती. वहिनीनं न बघता ती त्याच्या हातात दिली. तीही बहुतेक कधीपासून देत असावी.

"तुला कधीपासून माहीत होतं?" भाचीनं विचारलं.

"भाऊबिजेपासून."

"म्हणजे शूटिंगच्या आधीपासून."

"हो."

"तो खोकला..." ती थांबली. "तो खोकला काढायला मला एडिटिंगला आठ दिवस लागले, आत्या."

मला शपथेचं सांगायचं होतं. गळ्याची आण, भाऊबीज, तो कसा केविलवाणा झाला होता ते सगळं. त्यातलं एकही वाक्य तिच्यापुढं उभं राहिलं नसतं, म्हणून बोलले नाही. मला लाज वाटत होती. पोरीला ओरडायला मी निघाले होते, आणि तिच्यापेक्षा माझं पाप मोठं होतं. तिला दिसलं नव्हतं, मला दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी मेंढरांकडं परत गेली, आणि दादाला एसटीऐवजी मी आणि भाचीनं डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.  डॉक्टरीणबाईंनी तपासलं, डोळ्यातला दाब मोजला, आणि सांगितलं की काचबिंदू आहे. गेलेली नजर येणार नाही. उरलेली टिकवता येईल, पण नक्की किती उरलीय ते आधी कळायला हवं, त्यावर ठरेल की थेंबांवर भागेल की ऑपरेशन. मी विचारलं, पाच महिने आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "आता आलात ना." मला समजायचं ते समजलं.

नजर मोजायचं एक यंत्र असतं. अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, आत कुठंकुठं बारीक दिवे लुकलुकतात, दिसला दिवा की हातातलं बटण दाबायचं. आम्ही पडद्याबाहेर बाकावर बसलो. आतून बटणाचा आवाज येत होता. टक, टक, टक, टक. एका ठेक्यात. माझ्या मनाला उगाच उभारी आली.

तपासणारी बाई कागद घेऊन बाहेर आली. "हे धरता येणार नाही. दिवा नसतानाही काका बटण दाबतायत. यंत्राला कळतं ते."

दादा मागोमाग आला. "बरं दाबलं न्हवं? एक बी सोडला न्हाय."

मला हसूही येईना आणि रडूही. हा यंत्रालासुद्धा गंडवायला निघाला होता. मी काही बोलणार तेवढ्यात भाची उठली आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली.

"आप्पा, माझ्याकडं बघा. दिसलं तरच दाबायचं."

"आन न्हाय दिसलं तर?"

"नाही दाबायचं."

"मग त्ये लिवत्याल की आंधळा म्हनून." आणि मग हळू आवाजात, "तुजी आई मेंढरं ठिवंल व्हय?"

मला वाटलं, आता ही म्हणेल ठेवेल आप्पा, काळजी नको. तिनं नाही म्हटलं. ती म्हणाली, "मला माहीत नाही. पण तुम्ही खोटं दाबलं तर चुकीचं औषध देतील, आणि उरलेलंही जाईल. तिथं मी नाही, आत्या नाही, कुणी बघत नाही. दिसत नसेल तर नुसतं बसून राहा."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्या बाईच्या मागं आत गेला.

उजवा डोळा आधी केला. टक. बराच वेळ काही नाही. टक, टक. पुन्हा काही नाही. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते. मग आतून त्या बाईचा आवाज आला, आता डावा करू, काका. पट्टी बदलल्याचं कळलं, खुर्ची सरकली, यंत्र घूं करून सुरू झालं. भाचीनं माझं मनगट धरलं. आम्ही दोघी कान देऊन बसलो. मिनिट गेलं, दोन गेली. यंत्र चालूच होतं, म्हणजे आत दिवे लागत होते. बाकावरचे लोक उठून गेले, नवे आले. बाई पडदा सारून बाहेर आली आणि म्हणाली, झालं. बटण एकदाही वाजलं नव्हतं.